लाल दोऱ्याची चावी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, व्यापारी संघाचे माननीय रावजीशेठ; सत्कारमूर्ती आणि आम्हा एजंट मंडळींचे वडीलधारे रमजानभाई साखरकर; त्यांच्या सूनबाई आणि आमच्या ऑर्कुटवरच्या कम्युनिटीच्या जन्मदात्या साबेराबाई; सूत्रसंचालन करणाऱ्या दर्शनाताई, ज्यांच्या सायबर कॅफेत आम्ही पन्नाशीची माणसं एकेका बोटाने टाइप करायला शिकलो; गाळ्यांचे मालक, भाडेकरू, गाळे-ऑफिस-गोडाऊन एजंट मित्रमंडळाचे माझे सर्व बंधू; आणि मागच्या दाराशी उभे राहून जेवण कुठवर आलंय याचा अंदाज घेणारे माझे विशेष मित्र, तुम्हा सर्वांना सदानंद शिवलकरचा सविनय नमस्कार.

दर्शनाताईंनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. सदूला पंधरा म्हणजे पंचवीस, हे त्यांनी धरलेलं असणार. काय करणार, सवय वाईट. शाळेत होतो तेव्हापासून आमच्या आळीतली पत्रं मी लिहायचो. कुणाचा मुलगा पास झाला, कुणाचं माणूस गेलं, कुणाची गाय हरवली, लोक माझ्याकडे यायचे आणि मी दोन ओळींच्या मजकुराची दोन पानं करायचो. आमच्या मातोश्री म्हणायच्या, ह्याला 'पाऊस पडतो' लिहायला सांगितलं तर हा आधी आभाळाची विचारपूस करील. हसताय तुम्ही, हसा. माझ्या ह्या सवयीवर आज शेवटी हसण्यासारखं काही राहणार नाही, म्हणून आताच हसून घ्या.

रमजानभाईंचा सत्कार आहे. चाळीस वर्षं गाळ्यांचा धंदा करून हा माणूस ह्या महिन्याअखेरीस ऑफिस बंद करतोय आणि साखरतरला घरी बसणार आहे. घरी बसणार म्हणजे काय करणार, हा प्रश्न मी त्यांना विचारला. म्हणाले, "खाडीत गळ टाकीन आणि मोबाइल घरात ठेवीन." मी म्हटलं, मासा लागला तर कळवणार कसं? म्हणाले, "माशाला कळलां की बास."

असा हा माणूस. शब्द मोजून काढणार.

तुमच्यापैकी जे नवीन आहेत, बँकेचे अधिकारी आहेत, मोबाइल कंपनीचे लोक आहेत, त्यांना आमच्या धंद्याची पद्धत थोडी सांगायला हवी. त्याशिवाय आज त्या टेबलावर हार-तुऱ्यांच्या शेजारी ती जुनी लाकडी फळी का ठेवली आहे, ते त्यांना कळणार नाही. रत्नागिरीचे गाळे रत्नागिरीत असतात, मालक कुठे असतो? कुवेतला, दोह्याला, बोटीवर, नाहीतर मुंबईला. गाळा बांधून झाला, कुलूप लावलं, मालक निघाला. चावी कुणाकडे द्यायची? भावाकडे दिली तर मेहुणा रागावतो, मेहुण्याकडे दिली तर भाऊ. म्हणून लोक जाता जाता रिक्षा थांबवायचे आणि चावी रमजानभाईंकडे ठेवायचे. पावती नाही, कागद नाही. रमजानभाईंच्या वडिलांचा मचवा मोडला तेव्हा त्याची एक फळी त्यांनी ठेवली होती. ती त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर ठोकली, तिच्यावर ओळीने खिळे मारले आणि प्रत्येक खिळ्यावर एकेक चावी अडकवली.

चावीला दोरा असायचा. पांढरा दोरा असला तर गाळा कुणीही दाखवायचा. मी, आमचे दीपकराव, कुणीही एजंट जाऊन चावी घ्यायची, गिऱ्हाईक घेऊन जायचं आणि दिवेलागणीच्या आत चावी त्याच खिळ्यावर परत आणायची. आणि लाल दोरा असला तर? दाखवायचं नाही. आणि का दाखवायचं नाही, ते विचारायचंही नाही. घरात वाटणी चालू असेल, कुणी आजारी असेल, काही असेल. मालकाने रमजानभाईंना सांगितलेलं असायचं आणि ते तिथेच संपायचं. एका वेळी त्रेसष्ट चाव्या मी मोजल्या आहेत त्या फळीवर. अहो, गावातली त्रेसष्ट घरं त्या भिंतीवर टांगलेली होती आणि खाली बसून आम्ही चहा पीत होतो. 'आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून' हा ज्या जगाचा नियम, त्यात कुणी वाकून बघत नव्हतं. हे मला आज नवल वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

मग कम्प्युटर आला. दोन हजार सहाच्या गणपतीत रमजानभाईंचे चिरंजीव फैझान बोटीवरून घरी आले होते. त्यांनी आणि साबेराबाईंनी सासऱ्यांना सांगितलं की आखातातले सगळे रत्नागिरीकर आता ऑर्कुटवर भेटतात. मालक तिथे, एजंट इथे, मग आपण तिथेच एक कम्युनिटी का काढू नये? आमच्या चहाच्या बैठकीत विषय निघाला. दीपकराव म्हणाले, "ही पोरासोरांची कामं. मुलं तिथे मुलींना फुलं पाठवतात." रमजानभाई म्हणाले, "पाठवू देत. गाळ्याला काय त्रास हाय?" झालं, ठराव पास.

नाव कुणाचं द्यायचं? मालक ओळखणार रमजानभाईंना. सदू शिवलकरला दोह्यात कोण विचारतो? म्हणून खातं उघडलं रमजानभाईंच्या नावाने. पण फोटो द्यायला हा माणूस तयार होईना. शेवटी साबेराबाईंनी ह्या फळीचाच फोटो काढून लावला. आणि टाइप कोण करणार? रमजानभाईंनी कळफलकाला आजतागायत बोट लावलेलं नाही. साबेराबाईंना घर, मुलं. मग सर्वानुमते, आणि अर्थातच माझ्या जोरदार अनुमोदनाने, ते काम माझ्याकडे आलं. पासवर्ड माझ्याकडे. हे वाक्य लक्षात ठेवा.

काय सांगू, पहिल्या वर्षात कमाल झाली. जो मालक वर्षातून एकदा फोन करायचा, तो रोज बघायला लागला. मुंबईतली एक मोठी कंपनी शोरूमसाठी जागा शोधत होती. त्यांच्या माणसाने आमच्या कम्युनिटीत विचारलं आणि आठ दिवसांत माळनाक्यावर जागा पसंत करून गेला. चिपळूण, खेड, लांज्याचे एजंट जोडले गेले. ज्या माणसाचं तोंड पाहिलं नाही तो 'सदूभाऊ' म्हणून हाक मारू लागला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला मी शिकलो. आणि मला, खरं सांगतो, चढली. पुन्हा पत्रं लिहायला मिळाली होती ना. आळीऐवजी आता अख्खं आखात माझं वाचत होतं. नाव रमजानभाईंचं आणि भाषा माझी. लोक त्यांना फोन करून म्हणायचे, "चाचा, काय सुंदर लिहिता." ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "व्हय, हल्ली जमतांय."

आता मूळ गोष्टीवर येतो. रमजानभाई, हात करू नका. मला माहीत आहे तुम्ही मला बसायला सांगताय. दर्शनाताईंनी वेळ मला दिलेली आहे.

ही गोष्ट सांगण्याआधी मी ज्यांची ती आहे त्यांना विचारून आलोय. मारुती मंदिरला काचेचं आणि स्लायडिंग खिडक्यांचं दुकान आहे ना, त्या उमेर सोलकरांची आणि त्यांच्या धाकट्या बहिणीची, आयातची. दोघंही तिकडे चौथ्या रांगेत बसलेली आहेत.

दोन हजार सातचा ऑगस्ट. उमेर तेव्हा दोह्याला होता. त्याची कंपनी बंद पडली. त्याने रमजानभाईंना फोन करून सांगितलं, "चाचा, नोकरी गेली. अम्मीला अजून सांगितलेलं नाही. आयातचं लग्न ठरलंय, तारीख काढायचीय. महिनाभर कुणाला कळू देऊ नका. मी येतो, आपल्याच गाळ्यात दुकान टाकतो आणि मग मीच सगळ्यांना सांगतो." एवढंच त्याचं मागणं होतं. एक महिना. रमजानभाईंनी फोन ठेवला आणि उमेरच्या गाळ्याच्या चावीचा पांढरा दोरा काढून लाल बांधला.

शुक्रवारी दुपारी मी ऑफिसात गेलो. लाल दोरा बघितला. सकाळीच एका बँकेचा माणूस मला नेमका तसाच गाळा विचारून गेला होता. आणि मी विचारलं. तीस वर्षांत त्या फळीखाली कुणी जो प्रश्न विचारला नव्हता तो मी विचारला, "का हो, उमेरचा गाळा लाल का?"

रमजानभाईंनी मला सांगितलं. का सांगितलं, हे मी त्यांना नंतर विचारलं होतं. म्हणाले, "तू विचारलास. तुला नाय सांगायचा तर कुणाला?"

आणि मग त्यांनी एक काम दिलं. उमेरचा मोबाइल कंपनीचा होता, तो परत गेला होता. तो कुणा मित्राच्या खोलीवर राहायला गेला होता, तिथला नंबर नव्हता. पण ऑर्कुट तो बघायचा. रमजानभाई म्हणाले, "त्याला लिही. चावी खिळ्यावर आहे, कधीही ये. एवढाच लिही." मंडळी, एवढंच. पाच शब्द. दुसऱ्या कुणी वाचलं असतं तरी त्याला काय कळणार होतं? मालकाला एजंटाने चावीचं सांगितलं, संपलं.

मी दर्शनाताईंच्या कॅफेत गेलो. खातं उघडलं. आजवर मी फक्त कम्युनिटीत लिहीत होतो. एकट्या माणसाला असं पहिल्यांदाच लिहायचं होतं. उमेरच्या नावावर क्लिक केलं, तिथे 'स्क्रॅपबुक' लिहिलेलं. मी म्हटलं, बुक म्हणजे वही, उमेरची वही, उमेर वाचील. आमची पिढी पाकिटाची. आम्हाला वाटतं, ज्याचं नाव वर लिहिलंय तोच आतलं वाचणार. पोस्टमनसुद्धा वाचत नाही म्हटल्यावर दुसरं कोण वाचेल?

ती पाच शब्दांची ओळ मी लिहिली आणि तिच्याकडे बघत बसलो. मला ती कोरडी वाटली. एका मुलाची नोकरी गेलीय, परक्या मुलखात कुणाच्या तरी खोलीवर राहतोय आणि आपण त्याला काय लिहितोय, चावी खिळ्यावर आहे? माणुसकी म्हणून काही आहे की नाही? मला खरोखर वाईट वाटलं होतं. तो माझा खोटेपणा नव्हता. मी ती ओळ खाली ढकलली आणि वर लिहिलं. काय लिहिलं ते मला पाठ आहे. दोन वर्षं चार महिने पाठ आहे. ऐका.

"प्रिय उमेर, तुझी नोकरी गेल्याची वार्ता ऐकून मन विषण्ण झाले. दैवगती कोणास चुकली आहे? परंतु खचून जाऊ नकोस, मायभूमीचे दार तुजसाठी सदैव उघडे आहे. तुझ्या मातोश्रींस व आयातच्या सासरच्या मंडळींस यातील काहीही कळणार नाही, याची आम्ही येथे पूर्ण खबरदारी घेत आहोत. चावी खिळ्यावर आहे, कधीही ये."

खाली नाव, रमजान साखरकर. शेजारी ह्या फळीचा फोटो.

मला त्या दिवशी फार समाधान वाटलं होतं. मी दोनदा वाचलं. मग वीज गेली, तुम्हाला त्या वर्षीचं भारनियमन आठवत असेल, आणि मी घरी गेलो.

शनिवार, रविवार गेला. सोमवारी चहाला दीपकराव आले आणि म्हणाले, "रमजानभाई, उमेरला बरीक छान धीर दिलात हो. आमच्या मुलाने वाचून दाखवलं." रमजानभाईंचा कप तोंडाशी होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि विचारलं, "काय वाचून दाखवला?" दीपकरावांनी सांगितलं. साधाभोळा माणूस, सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी मध्ये म्हटलं, "पण ते उमेरच्या वहीत आहे ना? तुमच्या मुलाने कसं वाचलं?" दीपकराव म्हणाले, "अहो, ती वही उघडीच असते. कुणीही वाचतो."

साबेराबाईंनी त्या दुपारी ते पुसलं. पण तीन दिवस ते तिथे होतं. आयातचा होणारा नवराही दोह्यालाच होता. त्याने शनिवारीच वाचलं होतं. त्याने घरी कळवलं आणि रविवारी उमेरच्या आईला शेजारणीकडून कळलं की तिच्या मुलाची नोकरी गेलीय. पुढच्या आठवड्यात तिकडची मंडळी येऊन गेली. नोकरीचं काही नाही, म्हणाले, नोकऱ्या जातात-येतात. पण तुम्ही ठरवून आमच्यापासून लपवलंत, खबरदारी घेतलीत, असं लिहिलंय तिथे. खबरदारी. हा शब्द माझा होता. उमेरने कधी उच्चारलासुद्धा नव्हता. लग्न मोडलं.

आता इथे काही जण चुळबुळ करतायत. तुम्हाला जे माहीत आहे ते वेगळं आहे, होय ना? तुम्हाला माहीत आहे की रमजानभाईंनी उमेरची गोष्ट जगजाहीर केली. म्हातारपणी जीभ सैल झाली. लाल दोऱ्याचा माणूस लाल दोरा विसरला. गेली दोन वर्षं तुम्ही हे म्हणताय. काहींनी माझ्यासमोर म्हटलंय आणि मी ऐकून घेतलंय.

सोमवारी सगळे उठून गेल्यावर मी त्यांच्यासमोर बसलो. मी म्हटलं, मी आत्ता उमेरच्या आईकडे जातो आणि सांगतो की हे मी लिहिलं. ते म्हणाले, "खाली नाव कुणाचा हाय?" मी म्हटलं, तुमचं. "मंगे झाला तर. नाव माझा, तर लिवलेलाही माझा." मी म्हटलं, असं कसं? तेव्हा ते थोडे चिडले. चिडलेले मी त्यांना क्वचित पाहिलंय. म्हणाले, "मेल्या, तुला अजून वीस वर्षं ह्या बाजारात फिरायचाय. तुझ्या मुली लहान हायत. माझा काय, माझी नाव किनाऱ्याला लागली. तू तोंड उघडायचा नाय. शपथ घे."

मी शपथ घेतली. आणि मंडळी, आज मला एवढंच सांगायचंय की ती शपथ घेताना मला हायसं वाटलं. वाईट वाटलं असं मी लोकांना सांगू शकलो असतो. पण पहिल्यांदा हायसं वाटलं.

ते एकटे उमेरच्या घरी गेले. काय बोलले, मला माहीत नाही. मग लोक यायला लागले. भांडायला कुणी आलं नाही, आपली रत्नागिरी सभ्य आहे. "रमजानभाई, आमची एक चावी राहिलीय वाटतं तुमच्याकडे. मेहुणा आलाय, जरा बघायला हवी होती." रमजानभाई उठायचे, खिळ्यावरची चावी काढायचे, दोरा सोडायचे आणि चावी हातात द्यायचे. दोरा स्वतःच्या खिशात ठेवायचे. त्रेसष्टच्या अकरा उरल्या.

बाकीच्या कुठे गेल्या? हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. काही इकडेतिकडे गेल्या. आणि एकोणीस माझ्याकडे आल्या. लोक म्हणाले, सदूभाऊ, तुम्ही ठेवा, तुम्ही त्यातले नाही. मी घेतल्या. माझ्या ऑफिसात मी काचेचं कपाट केलं त्यांच्यासाठी. रमजानभाई एकदा आले होते. त्यांनी कपाट बघितलं आणि म्हणाले, "कपाट बरा हाय. गंज नाय लागायचा." टोमणा होता काय, हे मी किती दिवस शोधत होतो. नव्हता. त्यांना खरंच कपाट आवडलं होतं, आणि तेच मला जास्त लागलं.

एका व्यक्तीला सगळं ठाऊक होतं. साबेराबाई. आपला सासरा टाइप करत नाही, हे त्यांच्याहून कुणाला ठाऊक असणार? त्यांनाही गप्प बसवलं गेलं होतं. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. घरी गेलो की चहा येतो, सांदणं येतात, खुर्ची पुढे येते. फक्त त्या दिवसापर्यंत मी 'सदूकाका' होतो आणि त्या दिवसापासून मला काही नावच राहिलेलं नाही. "बसा," म्हणतात. "घ्या," म्हणतात. साबेराबाई, तुमचं बरोबर होतं.

तर दोन वर्षं हे असं चाललं आणि चाललं असतं. 'खाई त्याला खवखवे' म्हणतात, पण खवखवीचीही माणसाला सवय होते. मग गेल्या महिन्यात रमजानभाईंनी बोलावलं आणि म्हणाले, ऑफिस बंद करतोय, सत्काराच्या दिवशी ही फळी सगळ्यांसमोर तुला देणार. अकरा चाव्या आहेत, सांभाळ. मी म्हटलं, मला? मला कसली देता? म्हणाले, "एकदा पोळलेला माणूस तवा नीट धरतो."

त्यांना म्हणायला ते ठीक आहे. पण त्या अकरा चाव्या ज्यांच्या आहेत त्यांनी मला पोळताना पाहिलेलंच नाही. तुम्हाला वाटतंय की फळी चुकलेल्या माणसाकडून न चुकलेल्या माणसाकडे चाललीय. असं मी ती घेऊ शकत नाही.

म्हणून परवा मी उमेरच्या दुकानात गेलो. तो काच कापत होता. मी सगळं सांगितलं. त्याने काच पुरी कापली, बाजूला ठेवली आणि म्हणाला, "काका, मला त्याच दिवशी कळलं होतं. 'विषण्ण' हा शब्द रमजानचाचा लिहितील काय?" मी म्हटलं, मग तू कुणाला बोलला का नाहीस? म्हणाला, "चाचांनी घरी येऊन अम्मीपुढे मान खाली घालून सांगितलं की चूक माझी. त्यांना मी खोटं कसं पाडू?" बघा, अलंकारिक लिहिण्याचा एवढा एक फायदा झाला, चोर अक्षरावरून नाही तर शब्दावरून सापडला.

मग मी आयातला भेटलो. ती आता शाळेत शिकवते. यंदा मे महिन्यात तिचं लग्न झालं, दुसरीकडे, आणि सगळे म्हणतात चांगलं झालं, पहिल्यापेक्षा चांगलं झालं. म्हणोत. ते तिचं नशीब आणि तिची हिंमत, माझ्या चुकीला त्याचं श्रेय नाही. मी तिला विचारलं, भाषणात तुझं नाव घेऊ का? ती म्हणाली, "घ्या काका. तेव्हा माझं नाव सगळ्या गावाने घेतलं, मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारताय, एवढं बरं."

माझ्या धंद्यातल्या तरुण मित्रांनो, तुम्ही आता कम्प्युटरवरच वाढणार. साबेराबाई म्हणतात, लोक ऑर्कुट सोडून दुसरीकडे चाललेत, आपल्यालाही जायला हवं. जरूर जा. मी त्या वेबसाइटला दोष देत नाही. तिने मला लिहायला जागा दिली, काय लिहायचं ते मी ठरवलं. तिच्यामुळे आपल्याला माणसं मिळाली, ती खोटी नाहीत. पण ह्या फळीवर काय टांगलंय, ते येणारा-जाणारा प्रत्येक जण बघत होता आणि तरी तिच्यावर गुपित राहत होतं, कारण लाल दोरा काय म्हणतो हे बघणाऱ्याला ठाऊक होतं. नव्या जागी असा दोरा कसा बांधायचा, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर मला शिकवा. तोवर मी एवढंच करतो, लिहून झालं की आपली वाक्यं खोडतो आणि सांगणाऱ्याची ठेवतो.

अध्यक्षमहोदय, आपण घड्याळ बघताय, संपवतो.

आज दुपारी हॉल उघडला तेव्हा मी लवकर आलो आणि माझ्या कपाटातल्या एकोणीस चाव्या ह्या फळीवर लावल्या. जुन्याच खिळ्यांवर. खुणा अजून दिसतात. म्हणजे आता तिथे तीस चाव्या आहेत. त्या तिसांचे मालक, किंवा त्यांच्या घरचं कुणीतरी, आज ह्या हॉलमध्ये आहे, यादी करून मीच आमंत्रणं दिली आहेत. जेवण होईपर्यंत ही फळी त्या दाराजवळच्या टेबलावर राहील. मी तिकडे फिरकणार नाही. ज्याला आपली चावी न्यायची असेल त्याने न्यावी. का नेली, हे मी विचारणार नाही. विचारून काय होतं ते मला कळलंय. शेवटी जे उरेल ते मी घरी नेईन. काहीच उरलं नाही तर रिकामी फळी नेईन, तीही मला जड नाही.

रमजानभाई, तुमची शपथ मोडली. तुम्ही खाली बघू नका, खाली बघायचं काम आता माझं आहे. दोन वर्षं तुम्ही ते केलंत.

सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. अशा वेळी वक्ता म्हणतो, बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला. बोलण्यातलं घाला. लिहिण्यातलं मात्र घालू नका, ते एका माणसाने आजवर पुष्कळ पोटात घातलंय. त्यांची माफी मी सगळ्यांसमोर मागतो, उमेरच्या आईंची मागतो, आयातची मागतो. आणखी चार ओळी सुचतायत. सुंदर सुचतायत. त्या मी लिहिणार नाही आणि बोलणारही नाही. मला जेवढं सांगायला सांगितलं होतं तेवढंच सांगतो आणि बसतो.

चावी खिळ्यावर आहे. कधीही या.